थोरला उठत नाही

शुक्रवार, ता. २०

सकाळी कुलूप काढल्याबरोबर रिवाजाप्रमाणे एकेकाची विचारपूस केली. काय एसीबुवा, खोकला कसा आहे? आहे तसाच. पाणीही गळतंय, खाली डबा ठेवला. मावशी, तुम्ही बऱ्या ना? मावशी म्हणजे बॅटरीची पेटी. वीज गेली की धावून येते म्हणून मावशी. चारही दिवे हिरवे, म्हणजे बऱ्या आहेत. धाकटी, जिच्यात साऱ्या वायरी येऊन मिळतात ती चपटी पेटी, नेहमीसारखी डोळे मिचकावत होती. तिला काय धाड भरलीय! मधला सर्व्हर पत्रव्यवहाराचा. तो कधी आजारी पडत नाही, कारण तो कधी फारसं काम करत नाही. शेवटी थोरला, तो मोठा सर्व्हर. त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. कोमट. झाकण मात्र किरकिरतंय. "तुला म्हणून सांगतो, माझाही डावा गुडघा असाच बोलतो," असं मी त्याला म्हणालो.

मागे नव्या इंजिनियरबाई उभ्या होत्या. केव्हा आल्या कळलंच नाही.

"काका, कोणाशी बोलत होता?"

"हजेरी घेत होतो."

"मग माझी राहिली की."

म्हटलं, "तुमची तब्येत कशी आहे?" म्हणाल्या, "बरी आहे." तशी नोंद करतो.

पुढच्या शनिवारी, ता. २८ला, मी निवृत्त होणार, म्हणून या आल्या आहेत. वय तिशीचं, चष्मा, बोलणं थोडं. एकतीस वर्षांपूर्वी मी इथे बिघडलेली घंटा दुरुस्त करायला आलो आणि राहिलो. तेव्हा मी रेडिओ दुरुस्त करायचो. कॉम्प्युटर आले तसे शब्दकोश शेजारी ठेवून पुस्तकं वाचली. शिक्षण म्हणाल तर एवढंच. आमच्याकडे वेगळ्या पावलांचे जोडे होतात. कोणाचा एक पाय आखूड, कोणाची बोटं वळलेली, कोणाची जखम भरत नाही. पाऊल काचेवर ठेवलं की त्याचा आकार थोरल्याच्या पोटात जातो. तिथून कोरायच्या यंत्राकडे जातो, यंत्र तंतोतंत तसं लाकडी पाऊल कोरतं आणि आमचे उस्ताद त्यावर चामडं चढवतात. साडेचार हजार माणसांची पावलं एकटा थोरला सांभाळतो. घरातल्या थोरल्यासारखाच आहे. कोणी चौकशी केली नाही तरी कुरकुरत नाही. झाकण सोडून.

रविवार, ता. २२

इमारतीची वीज दुरुस्तीसाठी दिवसभर बंद. सगळ्यांना रीतसर झोपवलं आणि खोलीची साफसफाई काढली. लेकीला सासरी पाठवताना घर आवरतात तसं, फक्त इथे जाणारा मीच.

जाण्याआधी खोलीला काहीतरी द्यावं असं मनात होतं. उस्तादांकडून नमदा मागून आणला. नमदा म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड. जोड्यात जिथे टोचतं तिथे तो लावायचा, ही आमच्याकडची पहिली शिकवण. दारू-तंबाखूची सवय लागते तशी इथे माणसाला नमद्याची लागते. दरवाजा आपटत होता, लावला. खुर्चीचे चार पाय, लावला. खिडकीची काच, खण, घड्याळाची पाठ. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने तारीख आणि आद्याक्षर घातलं. जोड्यातल्या तुकड्यांवर घालतो तसंच, म्हणजे पुढे कोणाला कळतं की हे कोणी आणि केव्हा लावलं.

भिंतीवर इथल्या प्रमुख डॉक्टरबाईंचा आदेश आहे, पत्र्याच्या पाटीवर: "यंत्रांना नमदा लावू नये." दोन वर्षांपूर्वी त्यांच्या प्रिंटरचं प्रकरण झालं तेव्हाचा. थोडा धूर झाला होता, बाकी काही नाही. ती पाटी पंख्याच्या वाऱ्याने वाजायची, म्हणून तिच्या मागेही एक तुकडा लावला आहे. तो जुना.

आदेश यंत्रांबद्दल आहे. दार, खुर्ची, खिडकी ही काही यंत्रं नव्हेत. झाकण हेही, नीट विचार केला तर, यंत्र नव्हे. झाकण आहे. थोरल्याच्या झाकणाला आतून पुढच्या कडेला चांगला चार बोटं लांब तुकडा लावला. डिंक अंमळ जास्त झाला, थोडा थोरल्याच्या माहितीच्या पुस्तकावरही सांडला, पण किरकिर गेली. एकूण बावीस तुकडे. फार समाधान वाटलं.

सोमवार, ता. २३

थोरला उठत नाही.

सकाळी सगळ्यांना जागं केलं. मावशी उठल्या, धाकटी उठली, मधलाही उठला. थोरल्याचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. कपाळावर पिवळा दिवा लुकलुकला, पण पंखे फिरेनात. पाठीमागे वीज घेणाऱ्या दोन पेट्या आहेत, पॉवर सप्लाय म्हणतात, त्यांचे दिवे हिरवे. म्हणजे जेवण दारापर्यंत येतंय, हा तोंड उघडत नाही.

नऊ वाजता बाहेरच्या बाकावर पोस्टमन येऊन बसला. त्याचा उजवा पाय अडीच बोटं आखूड. जुना जोडा अपघातात गेला, तेव्हापासून चार महिने रजेवर. येत्या सोमवारी चालत कामावर रुजू झाला नाही तर त्याचा भाग दुसऱ्याला देऊन याला टेबलावर शिक्के मारायला बसवणार आहेत. त्याला बसणं नको आहे. "काका, मला दारं पाठ आहेत हो, शिक्के मारून काय करू?" म्हणाला. त्याचं पाऊल थोरल्याच्या पोटात. उस्तादांनी चामडंही कापून ठेवलंय.

उस्ताद येऊन उभे राहिले. "काय झालं?"

"उठत नाही."

"हाताने साचा घ्यायचा तर प्लास्टर वाळायलाच आठ दिवस लागतील. मी आपलं सांगून ठेवतो." उस्ताद नेहमी आपलं सांगूनच ठेवतात.

इंजिनियरबाईंनी विचारलं, पावलांची दुसरी प्रत आहे ना? म्हटलं, आहे की. कपाटात, नीट नावं घालून. फक्त ती वाचायला थोरलाच लागतो. त्या यावर काही बोलल्या नाहीत. एवढा वेळ गप्प बसणारं माणूस मी माझ्या बायकोशिवाय दुसरं पाहिलं नव्हतं.

डॉक्टरबाई आल्या तेव्हा मी सर्वांदेखत सांगितलं, "चावी देईन ती चालत्या थोरल्यासकट देईन. आणि माझ्या हातून हा बंद पडला असं निघालं, तर शनिवारचा समारंभ मला नको. हार नको, नारळ नको, भाषण नको." डॉक्टरबाई म्हणाल्या, "कोण म्हणतंय तसं, काका? पण कारण काय ते मात्र मला लेखी लागेल." चावी माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात आहे. मी असल्याशिवाय खोलीत कोणी नाही, हा माझा नियम, नऊ वर्षांचा.

घरी आलो. हिने पाणी दिलं, तोंड पाहिलं, म्हणाली, "काय झालं?" सांगितलं. ती म्हणाली, "त्यालाही नमदा लावलात की काय?"

विनोदाचीही वेळ असते.

मंगळवार, ता. २४

शास्त्राप्रमाणे सुरुवात केली. माझी वही आहे, "न उठल्यास काय करावे" या नावाची. आधी भिंतीतला प्लग. टेस्टर लावला, वीज आहे. मग वायरी बदलल्या. मग डावा पॉवर सप्लाय उजवीकडे, उजवा डावीकडे. मग एकच ठेवून पाहिला, मग दुसराच. मग सगळ्या वायरी काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. याने आत साचलेली उरलीसुरली वीज निघून जाते. रुसलेल्या माणसाला थोडा वेळ एकटं सोडावं तसं. परत जोडलं. पिवळा दिवा. पंखे नाहीत.

झाकण काढलं. झाकण मी कधी उताणं ठेवत नाही, आतल्या बाजूवर धूळ बसते. स्वच्छ टॉवेल पसरून त्यावर पालथं ठेवतो. आत सगळं चकचकीत.

पाणी आणायला दोन मिनिटं बाहेर गेलो. इंजिनियरबाई आतच होत्या, पण दार सताड उघडं होतं, तेव्हा नियम मोडला असं म्हणता येत नाही. परत आलो तर झाकण हातात घेऊन उजेडाकडे बघत होत्या. मला पाहून टॉवेलवर ठेवलं. पालथंच. म्हणजे निरीक्षण चांगलं आहे.

"काका, इथे नमदा कोण कापतं?"

मला बरं वाटलं. नव्या माणसाला आपणहून चौकशी करावीशी वाटणं ही चांगली खूण. मी त्यांना नमद्याचा सगळा इतिहास सांगितला. कुठून येतो, जाडी किती, कात्री तिरकी का धरायची, तारीख का घालायची. वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "आणि त्या पाटीवरचा आदेश?"

"तो प्रिंटरपुरता होता."

"डॉक्टरबाई फार रागावल्या होत्या का?"

"म्हणाल्या, पुन्हा असं झालं तर नोकरीची एकतीस वर्षं बघणार नाही. तेव्हा एकोणतीस होती."

त्या थोडा वेळ चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "रविवारी तुम्ही इथे काय काय केलंत?"

"स्वच्छता," म्हटलं. नमद्याचं बोललो नाही. उगाच विषय निघतो. आणि नमद्याने आवाज बंद होतो, वीज नाही. एवढं मला विजेतलं कळतं.

बुधवार, ता. २५

आज आतली काडी न् काडी काढून पाहिली. ज्यात यंत्र तात्पुरतं लक्षात ठेवतं त्या पट्ट्या, मेमरीच्या, आठ आहेत. सात काढून एकच ठेवली. नाही. तीही बदलून पाहिली. नाही. नाण्याएवढा सेल बदलला. नाही. बटणापासून आत जाणारी वायर मीटरने तपासली, शाबूत. पट्टी खाचेत बसवायला तीन प्रयत्न लागले. बाईंनी ते पाहिलं असावं. चौथ्या पट्टीपासून त्या स्वतःच एकेक पट्टी बरोबर बाजूने माझ्या हातात देत गेल्या.

मग त्या म्हणाल्या, "काका, झाकणाचं काही असेल का?"

मी हसलो नाही. नव्या माणसाला हसू नये. समजावून सांगितलं: झाकण लावून बटण दाबलं, उठत नाही. झाकण काढून दाबलं, तरी उठत नाही. दोन्ही प्रकारे तेच, म्हणजे झाकणाचा दोष नाही. याला तर्क म्हणतात.

"हो," म्हणाल्या. मग, "पुस्तकात झाकणाबद्दल काही लिहिलंय का बघू?" पुस्तक माझ्या खणात असतं. काढलं. नेमकी चाळीस ते त्रेचाळीस पानं एकमेकांना चिकटलेली. डिंक. म्हटलं, ती पानं काही महत्त्वाची नसणार, एकोणचाळिसाव्या पानावर तर स्क्रू किती घट्ट करावेत तेच आहे. त्या म्हणाल्या, माझ्या फोनवर आहे पुस्तक. म्हटलं, फोनवरचं पुस्तक आणि खणातलं पुस्तक यात फरक असायचाच.

चहा घ्यायला गेलो, पुन्हा दार उघडं ठेवून. कपात साखर नव्हती म्हणून अर्ध्या वाटेवरून परतलो. बाई झाकण मांडीवर घेऊन बसलेल्या, अंगठ्याचं नख तोंडात. मला पाहताच झाकण खाली. "काही नाही, जरा पुसत होते." नखाला काहीतरी चिकट लागलं होतं, रुमालाने काढत होत्या. त्यांना म्हटलं, झाकणाचा नाद सोडा. स्वच्छच आहे ते, रविवारीच पुसलंय.

दुपारी उस्ताद आले. बाकाकडे मान करून म्हणाले, "तो आजही आलाय. एका पायात बूट, एका पायात भाड्याने आणल्यासारखी चप्पल. मी आपलं सांगून ठेवतो."

घरी हिने विचारलं, "त्या पोरीला काय कळतं का?" म्हटलं, हुशार आहे, पण चुकीच्या जागी बघते.

गुरुवार, ता. २६

पोस्टमन आज चालून बघत होता. बाकापासून दारापर्यंत, दारापासून बाकापर्यंत, दर फेरीला हातातला कागद पेटीत टाकल्यासारखा हात पुढे. सातव्या फेरीला चपलेतून रक्त आलं. डॉक्टरबाईंनी पट्टी बांधली आणि त्याला दटावलं. तो म्हणाला, "सोमवार जवळ आलाय हो."

हे मी काचेतून पाहिलं. बाईही शेजारी उभ्या राहून पाहत होत्या. मग माझ्याकडे वळून एकदम म्हणाल्या, "उद्या दुपारपर्यंत, काका. त्यापुढे मी थांबू शकणार नाही."

मला वाटतं कंपनीच्या माणसाबद्दल म्हणाल्या. डॉक्टरबाईंनी त्याला उद्या तीनला बोलावलंय. तो येणार, उघडणार, कारण शोधणार आणि छापील कागदावर लिहून देणार.

खरं सांगायचं तर आज भीती वाटली. यंत्र दुरुस्त होईल की नाही याची नाही. तो कंपनीवाला काय लिहील याची. सगळी वही संपली, आता पुढचं पान कोरं आहे. एकतीस वर्षं माणसं मला विचारत आली, "काका, हे का होत नाही?" आणि मी कधी "माहीत नाही" म्हणालो नाही. काही ना काही सांगायचो. त्यातलं किती खरं होतं ते आता मोजत बसलो आहे. बसूही नये.

हिने कपाळाला हात लावून पाहिला. मी थोरल्याचा पाहतो तसाच. "कोमट," म्हणाली.

शुक्रवार, ता. २७

सकाळी अकराला बाई म्हणाल्या, "काका, एक विचारू? फ्रिजचं दार उघडलं की दिवा लागतो. त्याला कसं कळतं दार उघडलंय ते?"

मला आश्चर्य वाटलं. इंजिनियरिंगला एवढंही शिकवत नाहीत. पण विचारलंय तर सांगावं. स्टूल ओढून घेतलं आणि सांगायला लागलो. म्हटलं, दाराच्या चौकटीत एक बारकं बटण असतं. दार मिटलं की कड त्याला दाबते. बटण दबलं की फ्रिज समजतो, दार बंद. सुटलं की समजतो, उघडं.

"आणि दार नीट मिटलंच नाही तर? मधे काही अडकलं असेल तर?"

"मग काय! बाहेरून बंद दिसेल, पण फ्रिजच्या हिशेबी ते उघडंच. बटण जोवर पूर्ण दबत नाही, तोवर तुम्ही दाराला कितीही—"

इथपर्यंत आलो आणि मला एकदम सुचलं. असं होतं माझं कधीकधी. दुसऱ्याच गोष्टीवर बोलताना डोक्यात आपोआप दिवा लागतो. आत, झाकणाच्या पुढच्या कडेखाली, एक काळं बारकं बोंड आहे. चार दिवस पाहत होतो. मला वाटलं होतं स्क्रू घालायचा राहिलाय.

झाकण असो वा नसो, तेच. अर्थात तेच! दोन्ही वेळा बोंड सुटलेलंच, म्हणजे थोरल्याच्या हिशेबी झाकण उघडंच, आणि उघड्या झाकणाने तो उठत नाही.

बाई घड्याळ पाहून म्हणाल्या, "मला फोन आलाय, मी दहा मिनिटं बाहेर आहे. दार लावून घेते, काका, तुम्हाला गडबड नको." फोन वाजलेला मी ऐकला नाही, पण हल्लीचे फोन वाजत नाहीत, थरथरतात.

दार लागल्यावर झाकण उताणं केलं. पत्रा राखाडी, नमदा राखाडी. माझ्या हातची तारीख, माझं आद्याक्षर. सुवाच्य. एक कोपरा आधीच उचकटलेला होता, डिंक उष्णतेने सुकला असावा. बाकीचा ओढून काढला, खिशात घातला. झाकण बसवलं. टक्क असा आवाज झाला. हा आवाज नऊ वर्षं ऐकलाय आणि मला कधी वाटलं नाही की याचा काही अर्थ असेल.

बटण दाबलं. थोरल्याने एक मोठा श्वास घेतला आणि सगळे पंखे एकदम सुटले, पिवळा दिवा विझून हिरवा आला. मी खाली बसलो. गुडघा बोलला, बोलू दिला.

दार लगेच उघडलं. बाई उंबऱ्यावरच होत्या. फोन फार लवकर आटोपला. "उठला?" म्हणाल्या. मी मान हलवली. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. एवढ्यातेवढ्याने रडायला येणं बरं नव्हे, या धंद्यात यंत्रं रोज बंद पडतात.

म्हटलं, कंपनीवाल्याला आता येऊ नको म्हणून कळवायला हवं. त्या म्हणाल्या, "कळवलं मी सकाळीच. त्यालाही आज जमत नव्हतं." चला, त्याचा हेलपाटा वाचला.

साडेबाराला पोस्टमनचं पाऊल पडद्यावर आलं. कोरायचं यंत्र दोन तास भुसा उडवत होतं. उस्तादांनी लाकडी पाऊल हातात घेतलं, नाकाजवळ धरलं आणि म्हणाले, "शनिवारी सहाला. मी आपलं सांगून ठेवतो."

बाईंनी डॉक्टरबाईंना लेखी कारण दिलं. मी वाचलं: "झाकण पूर्ण बसले नव्हते. काकांनी शोधून बसवले." अंदाजाने लिहिलंय बिचारीने. पण अंदाज बरा आहे.

खिशातला तुकडा घरी आणला. हिने धुवायला सदरा घेतला, तुकडा काढला, तारीख वाचली. काही बोलली नाही. म्हणजे बघा, आता गप्प राहणाऱ्या दोघी झाल्या.

शनिवार, ता. २८

समारंभ झाला. घ्यायला नको होता. मी शब्द दिला होता, आणि यंत्र माझ्याच हातून बंद पडलं होतं. पण ते तिथे माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. म्हणून ठरवलं की भाषणातच सांगून टाकायचं. मग हार परत करायचा.

भाषणाला उठलो. म्हटलं, "थोरला का उठत नव्हता ते तुम्हा सर्वांना सांगणं माझं कर्तव्य आहे. रविवारी मी—"

इतक्यात इंजिनियरबाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बाकीच्यांना वाटलं संपलं, तेही वाजवू लागले. थांबल्यावर मी पुन्हा म्हटलं, "रविवारी मी त्या झाकणाला—" तर त्यांच्या हातून पाण्याचा ग्लास पडला. पुसापुशी झाली. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तर उस्तादांनी हार गळ्यात घातला आणि कानात म्हणाले, "बस करा आता. किती छळाल त्या पोरीला?" कसलं छळणं ते कळलं नाही. सभेची सवय नाही तिला, टाळ्या कुठे वाजवायच्या ते शिकावं लागतं.

दोऱ्यातून चावी काढून त्यांना दिली. त्यांनी ती गळ्यातच घातली. "काका, आता तरी मला अगं म्हणा," म्हणाल्या. म्हटलं, सवयीने जमेल.

सहाला पोस्टमनने जोडा घातला. आम्ही सगळे व्हरांड्यात उभे. तो फाटकापर्यंत गेला, परत आला, जिने चढला, उतरला. तळाला नमदा आहे, उस्तादांनी मला दाखवला, तारीख आजची. टोचतंय का, विचारलं. तो पुन्हा फाटकाकडे निघाला होता.

मंगळवार, ता. १

तीन दिवस घरी. घरातली सगळी दारं, सगळ्या खुर्च्या झाल्या. हिने आज नमदा काढून कपाटात ठेवला आणि किल्ली पदराला बांधली.

काल पोस्टमन रुजू झाला. आज दारात येऊन उभा राहिला तरी कळलं नाही, इतका जोडा मुका आहे. टपाल काहीच नव्हतं, नुसता सांगायला आला होता. उद्या पुन्हा येईल. त्याच्याकडे हे पत्र द्यायचं आहे. आधी इथे उतरवून ठेवतो. फोन करता आला असता, पण फोनवर माणसं "सगळं ठीक" म्हणतात. कागदावर तसं लिहायला हात अडतो.

"चि. मुलीस, काकांचे अनेक आशीर्वाद.

एसीबुवांचा खोकला कसा आहे? डबा भरला की रिकामा करत जा. मावशींचे चारही दिवे रोज मोज. धाकटीकडे फार लक्ष देऊ नकोस, लाडावते. मधल्याला काम सांग. थोरल्याच्या कपाळाला सकाळी हात लावत जा, त्याला ते लागतं. आणि तुझी तब्येत कशी आहे? मागे 'बरी आहे' एवढंच म्हणाली होतीस, जरा सविस्तर लिही.

आता एक गोष्ट, बसून वाच. थोरला माझ्यामुळे बंद पडला होता. झाकणाला मी नमदा लावला होता. तुला धक्का बसेल हे मला ठाऊक आहे. चार दिवस तू माझ्याबरोबर राबलीस, पट्ट्या हातात दिल्यास, आणि कारण माझ्याच अक्षरात झाकणाखाली होतं. तू चुकून कारण अगदी जवळचं लिहिलंस, पण पूर्ण खरं नव्हे, म्हणून तुकडाच सोबत पाठवतो. डॉक्टरबाईंना दाखव. त्या रागावल्या तर रागावू देत, आता माझी एकतीस पूर्ण झाली.

तुला एकच शिकवायचं राहून गेलं. झाकण नेहमी उलटून बघावं. मी बघितलं नाही, तूही बघितलं नाहीस. तुझा दोष नाही, मीच त्याचा नाद सोड म्हणालो होतो. तुझा संशय बरोबर होता. आपल्या मनाला जे वाटतं त्यावर विश्वास ठेवत जा, म्हातारी माणसं काही म्हणोत.

पाटीमागचाही एक तुकडा आहे. तो मात्र राहू दे, पाटी वाजते.

इथे ही बरी आहे, माझा गुडघा बोलतो आहे. उत्तर लवकर लिही. आता पोस्टमन चालतो आहे, त्याला आमच्या दारापर्यंत यायला काहीतरी निमित्त हवं."